खडकातली माता

अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकल्पित मालिकेच्या पहिल्याच पर्वातील एका भागाकडे आज मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. ‘द डेव्हिल इन द डार्क’, म्हणजे अंधारातील सैतान, हा तो भाग. जीन कून यांनी तो लिहिला, जोसेफ पेव्हनी यांनी दिग्दर्शित केला आणि ९ मार्च १९६७ रोजी तो प्रक्षेपित झाला. आजच्या झगमगाटाला सरावलेल्या मुलांना तो दाखवला, तर पहिली दहा मिनिटे ती हसतील. गुहेच्या भिंती उघडउघड नाटकातल्या आहेत, जमीन फरशीसारखी सपाट आहे, आणि ज्याचे भय घालावयाचे तो राक्षस म्हणजे दगडमातीचे ढेकूळ चिकटवलेला एक जाड गालिचा सरपटत यावा तसा दिसतो. हसू द्यावे. थोड्याच वेळात ती गप्प होतात.

कथा एका दूरच्या ग्रहावरील खाणीत घडते. जमिनीखाली खोलवर मौल्यवान खनिजाचे उत्खनन चालू आहे. अलीकडे नवा स्तर खुला केल्यापासून एक अज्ञात प्राणी खाणकामगारांना जाळून मारीत आहे. पन्नास माणसे गेली आहेत. ‘एन्टरप्राइझ’ यानाचा कॅप्टन कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय मदतीस येतात. खाणीचा प्रमुख व्हँडरबर्ग याच्या मेजावर एक गुळगुळीत गोल दगड ठेवलेला असतो. स्पॉक त्याविषयी विचारतो. खाली असे हजारो पडले आहेत, बाजारात त्यांना काही किंमत नाही, असे उत्तर मिळते. संवाद पुढे सरकतो. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला मात्र त्या मेजापाशीच थांबावेसे वाटते, कारण साऱ्या अनर्थाचे मूळ तेथे, कागदपत्रांच्या शेजारी, शोभेची वस्तू म्हणून बसलेले आहे.

तो प्राणी, ज्याला पुढे ‘होर्टा’ हे नाव कळते, सिलिकॉनचा बनलेला आहे. खडकातून तो पाण्यातून जावे तसा जातो. ही कल्पना कून यांची नव्हे, एच. जी. वेल्स यांनी १८९४ मध्येच तिच्यावर लिहिले होते. मूलद्रव्यांच्या तक्त्यात सिलिकॉन कार्बनच्या अगदी खाली बसतो, त्यालाही चार बंध जोडता येतात, आणि पृथ्वीच्या कवचात वजनाने ऑक्सिजनखालोखाल तोच आहे. मग जीव त्याचे का नसावेत? अडचण अशी की कार्बनच्या ज्वलनातून वायू होतो व तो उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकता येतो. सिलिकॉनचे ऑक्साइड म्हणजे वाळू. अशा जीवाला श्वास सोडताना वाळू सोडावी लागेल! कथेने या प्रश्नाला हात घातलेला नाही. पृथ्वीकाय जीवांविषयी पाठशाळेत ऐकलेल्या वाचकांना दगडात जीव ही गोष्ट मुळातच फारशी चमत्कारिक वाटणार नाही. होर्टा मात्र एकेंद्रिय नव्हे, ती विचार करणारी, शोक करणारी, संज्ञी आहे. खाणीतील अणुभट्टीचा नेमका तोच पंप ती पळवते, ज्यावाचून माणसांना तेथे राहता येणार नाही. ती त्यांना घालवून देऊ पाहत असते.

या भागाचा खरा गाभा एका उलटापालटीत आहे. आरंभी दयेची भाषा स्पॉक बोलतो. हा आपल्या जातीचा शेवटचा प्राणी असावा, त्याला मारणे म्हणजे एक वंशच संपवणे, असे त्याचे तर्कशुद्ध मत असते. कर्क ते मानीत नाही. दिसताक्षणी मारा, अशी त्याची आज्ञा आहे. दोघे वेगवेगळ्या बोगद्यांतून जातात, कर्कच्या वाटेवर दरड कोसळते आणि जखमी होर्टा त्याच्यासमोर उभी ठाकते. ती अंगावर येत नाही. कर्क शस्त्र रोखून तसाच थांबतो. पलीकडून संदेशयंत्रावर स्पॉकचा आवाज येतो: ताबडतोब मारा! मित्राच्या प्राणावर बेतताच सिद्धान्त गळून पडला. आणि ज्याने मारण्याची आज्ञा दिली होती तो, समोरच्याची जखम पाहून, मारीत नाही.

दयेविषयी पुष्कळ कथा लिहिल्या जातात. ती कोणाच्या ठायी केव्हा टिकते आणि केव्हा सुटते, हे इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच दाखवले जाते. स्पॉकला लेखकाने दोष दिलेला नाही. त्याला फक्त तेथे पोहोचवले आहे, आणि मग त्याच्याकडूनच पुढचे काम करून घेतले आहे.

ते काम म्हणजे मनोमीलन. स्पॉक होर्टाच्या मनाशी मन जोडतो आणि प्रथम केवळ वेदनेने किंचाळतो. होर्टा खडकावर सरकते आणि आपल्या आम्लाने तीन शब्द कोरते: ‘नो किल आय’. मी मारणार नाही, की मला मारू नका? कर्कलाही कळत नाही, आणि मोडक्या व्याकरणातून निघालेली ही संदिग्धता फार सुंदर आहे. पुन्हा मन जोडल्यावर स्पॉकच्या तोंडून तिचा आक्रोश बाहेर पडतो. ते गोल दगड म्हणजे तिची अंडी. दर पन्नास हजार वर्षांनी तिची सारी जात मरते, एकच मागे उरते आणि पुढच्या पिढीची राखण करते. तिच्या बोलण्यातही ‘राक्षस’ हा शब्द येतो. तो माणसांसाठी असतो.

संवाद बोलणारे एकही स्त्रीपात्र या भागात नाही. आहे ती ही खडकातली माता.

सोटे घेऊन चवताळून आलेले खाणकामगार आणि होर्टा यांच्यामध्ये कर्क उभा राहतो व त्यांना सत्य सांगतो. आम्हाला ठाऊक नव्हते, असे व्हँडरबर्ग म्हणतो. ते खरेच असते. त्यांच्यात कोणी दुष्ट नाही. पण कोणी विचारलेही नव्हते, कारण किंमत नसलेल्या वस्तूविषयी विचारावे असे कोणाला वाटले नाही. शास्त्रांनी ज्याला प्रमाद म्हटले तो हाच. लेखक येथे थोडा अधिक रेंगाळता तर बरे झाले असते. हजारो फुटलेली अंडी आणि पन्नास मृत माणसे यांचा शोक करण्यास कथा कोणालाच वेळ देत नाही. काही क्षणांत तह होतो: पिल्ले बोगदे खणतील, माणसे खनिज गोळा करतील. शेवटी व्हँडरबर्ग नव्याने सापडलेल्या संपत्तीच्या आनंदात असतो. त्याचे मन पालटले की हिशेब जुळला, हे सांगणे कठीण आहे.

मात्र डॉक्टर मॅकॉयचा प्रसंग विसरता येत नाही. दगडाच्या जीवावर उपचार करा म्हटल्यावर, मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे, असे तो कुरकुरतो. आणि मग काँक्रीट मागवून, हात कोपरापर्यंत बरबटवून, तिची जखम लिंपतो. जमल्यावर लहान मुलासारखा हरखतो.

होर्टाचे रूप जानोस प्रोहास्का या हंगेरीत जन्मलेल्या कसरतपटूने स्वतः तयार केले आणि आत शिरून स्वतःच वठवले. ते पाहूनच कून यांनी कथा रचली. चित्रीकरण चालू असताना कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांचे वडील वारले. विमानाला अवकाश होता, तोवर त्यांनी काम थांबवले नाही. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी हाच भाग आपला सर्वांत आवडता म्हणून सांगितला.

निरोपाच्या वेळी स्पॉक एक माहिती देतो. मातेला माणसांचे रूप किळसवाणे वाटले, पण सवय होईल असे तिचे म्हणणे आहे. त्याचे टोकदार कान तेवढे तिला फार आवडले.