रॅम महागली, जुना कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी आता काय करायचं?

घरातला किंवा दुकानातला जुना कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की सल्ला ठरलेला असायचा, 'रॅम वाढव.' नव्या मशीनपेक्षा कितीतरी कमी खर्च, दहा मिनिटांचं काम आणि पुढची दोन-तीन वर्षं निश्चिंती.

२०२५ च्या उत्तरार्धात मात्र हे गणित बिघडलं. रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. अनेक स्टिक काही महिन्यांतच दुपटीहून महाग झाल्या. त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्टही थांबवला. म्हणजे ज्यांना नवा कॉम्प्युटर परवडत नाही आणि जुनाच टिकवायचा आहे, त्यांना दोन्हीकडून फटका बसला.

हे का झालं? आणि अशा वेळी रॅमवर पैसे घालावेत का? समजून घेऊया.

रॅम का महागली?

जगातली बहुतांश रॅम चिप तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयसाठी लागणाऱ्या डेटा सेंटरमध्ये एचबीएम नावाची अतिवेगवान मेमरी वापरली जाते आणि तीही याच कंपन्या बनवतात. साध्या रॅमच्या तुलनेत तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमसाठी सुमारे तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, खर्ची पडतात. नफा मात्र एचबीएममध्ये जास्त. त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि सामान्य ग्राहकांच्या वाट्याला कमी माल उरला.

ही मागणी किती मोठी आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी प्राथमिक करार जाहीर केला. त्यात दरमहा ९ लाख वेफरपर्यंतच्या मेमरीचं उद्दिष्ट होतं. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने 'क्रुशियल' या ब्रँडखाली सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं ते एआय डेटा सेंटरच्या वाढत्या मागणीचं.

जुन्या रॅमचा एआयशी काय संबंध?

जुन्या डेस्कटॉपमध्ये साधारणपणे डीडीआर३ किंवा डीडीआर४ रॅम असते. नव्या मशीनमध्ये डीडीआर५ येते. मोठ्या कंपन्या डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेत असतानाच मेमरीचा तुटवडा सुरू झाला, त्यामुळे जुन्या पिढीची रॅमही महागाईतून सुटली नाही.

भारतात मायक्रॉनचा प्रकल्प गुजरातमधल्या साणंदला आहे, पण तिथलं काम चिपची जुळणी आणि चाचणी यांचं आहे. वेफर बाहेरूनच येतात. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा भाव असो की पुण्याच्या तपकीर गल्लीतला, तो जागतिक बाजार आणि डॉलरचा दर यांच्यामागेच जातो.

आधी तपासा: रॅम खरंच कमी पडतेय का?

रोजची कामं सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी पाहा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे. अशा वेळी विंडोज हार्ड डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरते, आणि हार्ड डिस्क रॅमपेक्षा प्रचंड हळू असल्यामुळे मशीन अडकतं.

वापर ५०-६० टक्केच असेल आणि तरी मशीन रखडत असेल, तर रॅम वाढवून फरक पडणार नाही. तिथे डिस्कचा वापर पाहा. तो १०० टक्क्यांना चिकटलेला असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तेच पैसे २४० किंवा २५६ जीबीच्या एसएसडीवर घाला. एसएसडीही पूर्वीइतकी स्वस्त राहिलेली नाही, पण अशा मशीनमध्ये तिचा फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

आणखी एक गोष्ट. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडा. तिथे विंडोज ३२ बिट दिसत असेल, तर ती ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही. आधी ६४ बिट विंडोज टाकावी लागेल.

कोणती रॅम बसेल?

डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही आणि उलटही नाही. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड १३३३ किंवा १६०० दिसला तर ती बहुधा डीडीआर३ असते. २१३३ ते ३२०० दिसला तर बहुधा डीडीआर४. खात्रीसाठी सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. किती स्लॉट भरलेत हेही टास्क मॅनेजर सांगतो.

मदरबोर्डची कमाल मर्यादाही पाहा. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या अनेक जुन्या पीसींमध्ये एच६१ मदरबोर्ड आहेत. त्यात सहसा दोनच स्लॉट असतात आणि मर्यादा १६ जीबीची असते.

किती घ्यायची?

ब्राउझर, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म आणि व्हिडिओ लेक्चर यांसाठी ८ जीबी पुरते. मशीनमध्ये ४ जीबीची एक स्टिक असेल आणि एक स्लॉट मोकळा असेल, तर ४ जीबीची दुसरी स्टिक घ्या. सारख्या क्षमतेच्या दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असल्या की ड्युअल चॅनेलचा फायदा मिळतो, आणि जुनी स्टिक वायाही जात नाही. दोन्हींचा स्पीड वेगळा असेल तर दोन्ही कमी स्पीडने चालतात. सध्याच्या भावात १६ जीबीचा विचार व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम असेल तरच करा.

सेकंड हँड घ्यावी का?

हो, पण तपासून. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती सहसा वर्षानुवर्षं टिकते. डीडीआर३ साठी तर ऑफिसांमधून निघालेल्या जुन्या मशीनची रॅम हाच अनेकदा व्यवहार्य पर्याय असतो. बदलून देण्याची हमी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक किंवा मेमटेस्ट८६ चालवा. एकही एरर आली तर स्टिक परत करा.

ऑनलाइन अगदी स्वस्त दिसणाऱ्या दोन प्रकारांपासून सावध राहा. पहिला, 'फक्त एएमडी'साठीची डीडीआर३ स्टिक. ती इंटेलच्या मशीनमध्ये चालत नाही. दुसरा, सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम. ती साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही.

रॅम वाढवली की विंडोज ११ चालेल?

नाही, आणि खर्च करण्याआधी हे माहीत असायला हवं. विंडोज ११ ला रॅम ४ जीबीच लागते. अडचण प्रोसेसरची आहे. अधिकृतपणे इंटेल कोअरची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. सहाव्या पिढीच्या आय३ मध्ये ३२ जीबी रॅम टाकली, तरी तो यादीत बसत नाही.

विंडोज १० वरच राहायचं असेल, तर जाहीर योजनेनुसार १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या, तर त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. त्यानंतर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम हा पर्याय आहे. ती ४ जीबीवरही चालते आणि त्यात मराठी टाइप करता येतं.

थोडक्यात, मेमरीचा वापर खरंच ९० टक्क्यांवर जात असेल आणि ८ जीबीपर्यंत जायला एकच स्टिक पुरणार असेल, तर महागाईतही हा खर्च योग्य आहे. दोन्ही स्टिक बदलाव्या लागणार असतील, प्रोसेसर दहा-बारा वर्षांचा असेल आणि हार्ड डिस्कही जुनीच असेल, तर आधी एसएसडीचा भाव विचारा. मग ऑफिसमधून निघालेल्या, आठव्या पिढीच्या एखाद्या वापरलेल्या डेस्कटॉपचा भाव काढा. तीनही आकडे समोर ठेवा आणि त्यानंतरच पैसे द्या.