मालकी रानाला कायद्यात जागा हवी

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,



मढे घाटाच्या माथ्यापासून वरंधा घाटापर्यंतचा हिरवा पट्टा पाहिला की हे सगळे जंगल सरकारचे असेल, असे पाहुण्यांना वाटते. सातबारे काढले तर निराळेच दिसते. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथले पुष्कळ रान शेतकऱ्यांच्या नावावर आहे. भाताच्या खाचरांच्या वर वरकस जमीन, तिच्या वर उतार, आणि त्या उतारावर जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा. या मालकी रानाचे काय होणार, यावर इथल्या जंगलाचे आणि त्यातल्या जनावरांचे भवितव्य ठरणार आहे. राज्याने हवामान बदलाचा स्वतंत्र कायदा करावा आणि त्याची सुरुवात याच जमिनीपासून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

पानशेत आणि वरसगाव धरणांच्या पाणलोटात काय घडले, ते माधव गाडगीळ यांनी १९७९ साली लिहून ठेवले आहे. तळातली चांगली जमीन पाण्याखाली गेली, माणसे उतारावर सरकली, धरणासाठी झालेल्या रस्त्यांवरून कोळशाचे व्यापारी आले आणि पोटासाठी शेतकऱ्याने झाडे विकली. आज कोळशाच्या भट्टीची जागा प्लॉटिंगने घेतली आहे. जेसीबी डोंगर कापतो, रस्ता निघतो, फार्महाऊस उभे राहते. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. उभ्या रानातून त्याच्या हाती वर्षाला काही पडत नाही, आणि मुलांची शिक्षणे, आजारपणे थांबत नाहीत.

आजवरचे कायदे त्याच्याशी कसे बोलतात ते पाहा. १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा परवानगी घे म्हणतो. १९८० चा वनसंवर्धन कायदा, २०२३ च्या दुरुस्तीनंतरही, वनजमिनीचा वापर बदलण्यापुरता बोलतो. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा तर २०१४ पासून पुन्हा पुन्हा काढला जातो आहे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला आला, केरळातल्या वायनाडला दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहे आणि आमची कितीतरी गावे आहेत. गावांत मात्र चर्चा एवढीच, की आता घर बांधता येणार नाही, गोठाही घालता येणार नाही. मसुद्यातली बंदी खाणी, दगडखाणी, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. हे समजावून सांगायला माणसे गावोगाव यायला हवी होती. आणि रान राखणाऱ्याला काय मिळणार, याचे उत्तर तर गावापर्यंत पोहोचलेच नाही. ज्याच्या अंगणात फक्त मनाई पोहोचते, तो विरोध करणारच.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांत पाहिला. या विषयावर देशात एकत्रित कायदा नाही, हेही त्याच निकालात नोंदवले. वने आणि वन्यप्राणी १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे राज्यालाही त्यांवर कायदा करता येतो. तेव्हा आपल्याला दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. राज्याकडे हवामानाचा कृती आराखडा आहे, पर्यावरण खात्याच्या नावातही 'वातावरणीय बदल' हे शब्द आले आहेत. पण आराखडा मोडला म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. ब्रिटनने २००८ च्या कायद्यात उद्दिष्टे बांधून घेतली आणि एक स्वतंत्र समिती नेमली. तिच्या अहवालाला सरकारला संसदेत उत्तर द्यावे लागते. तशी तरतूद इथेही हवी.

आमच्या डोंगरांना त्याहून जवळचा धडा कोस्टा रिकाचा आहे. त्या लहानशा देशाने १९९६ च्या वनकायद्यात इंधनावरच्या कराचा हिस्सा खासगी रानाच्या मालकांसाठी राखला. जंगल उभे ठेवण्याचा करार करायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे. आपल्याकडे तर घेणेकरी आणि देणेकरी एकाच नदीवर बसलेले आहेत. पानशेत आणि वरसगाव मिळून २३ टीएमसीहून अधिक पाणी पुण्यासाठी आणि कालव्यांसाठी साठते. भोरच्या वेळवंड खोऱ्यातले भाटघर साडेतेवीस टीएमसीचे. त्याच्या जोरावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस उभा आहे. या धरणांत गाळ किती येणार, हे वरच्या उतारावरच्या मुळ्या ठरवतात. शहराच्या, उद्योगांच्या आणि कालव्याच्या पाणीपट्टीतला छोटा हिस्सा या कायद्याने रान राखणाऱ्याच्या खात्यात थेट जमा करावा. ही भीक नव्हे, केलेल्या कामाची मजुरी आहे.

मालकी रानासोबत देवरायांनाही या कायद्यात जागा हवी. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभरच्या देवरायांची नोंद केली. इथे अजून काही राया अशा आहेत की भर उन्हाळ्यात आत शिरल्यावर पायाखाली ओल लागते. त्यांच्यावरचे संकट आता कुऱ्हाडीइतकेच जीर्णोद्धाराचे आहे. सिमेंटचा सभामंडप आणि गाड्या लावायला जागा, यासाठी शेदोनशे वर्षांची झाडे जातात. जैविक विविधता कायद्याने वारसास्थळाचा दर्जा देता येतो. पुण्याच्या गणेशखिंड बागेला तो २०२० मध्ये मिळाला. प्रत्येक देवराईची हद्द मोजून ती ग्रामसभेच्या संमतीने नोंदवावी, तिथे बांधकाम नको.

शेकरूचा विचार केला की रानाच्या या तुकड्यांचे महत्त्व कळते. राज्यप्राणी म्हणून आपण त्याला मान दिला, पण तो शक्यतो जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. मध्ये दोन प्लॉट आणि एक रस्ता आला की पलीकडची राई त्याला परकी होते. ताम्हिणी अभयारण्य आणि कोयनेचे जंगल यांच्या मधल्या साखळीत आमचे तालुके आहेत, आणि तिच्या कित्येक कड्या मालकी रानाच्या आहेत.

पाऊसही बदलला आहे. चार दिवसांचा पाऊस एका रात्रीत कोसळतो. २२ जुलै २०२१ रोजी वरंधा घाटाखालच्या तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. म्हणून तीव्र उतारावर बिनशेती परवाना देण्यापूर्वी भूवैज्ञानिक तपासणी सक्तीची करावी.

विधेयकाचा मसुदा तयार झाला की तो संयुक्त समितीकडे द्यावा आणि समितीची एक सुनावणी भोरमध्ये, एक वेल्ह्यात घ्यावी. भात लावणीच्या दिवसांत नको, तेव्हा कुणाला येता येणार नाही. कातकरी, महादेव कोळी आणि धनगर वस्त्यांना निरोप वेळेवर पोहोचवावा. मसुदा मराठीत, आणि नकाशे गट क्रमांकासकट चावडीवर लावलेले असावेत.

आपला विश्वासू,
भोर तालुक्यातील एक रहिवासी