दोन रूळ, एक गिरणी

पूर्वी जालन्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला मनमाडला गाडी बदलावी लागे. इकडचा रूळ मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा. पुढचा ब्रॉडगेज, १.६७६ मीटरचा. माणसे आपल्या पायांनी फलाट ओलांडीत. माल मात्र हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. १९९० च्या दशकात इकडचा रूळ रुंद झाला आणि हा खटाटोप संपला.

संगणकाच्या राज्यात मात्र मनमाड अजून शिल्लक आहे!

तेथे 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांची कपाटे नव्हेत. ती आळीतली सामाईक पिठाची गिरणी समजा. घरोघर जाते कशाला? सगळ्यांनी आपले दळण तेथे न्यावे. अशी एक गिरणी आपल्या अक्षरांचीही आहे. आपल्या जिल्ह्यातल्या 'जांब समर्थ' गावाचे नाव घ्या. संगणकाच्या पोटात 'र' आधी व 'थ' नंतर असतो. पडद्यावर मात्र 'र'चा रफार होऊन तो 'थ'च्या डोक्यावर बसला पाहिजे. हे काम 'हार्फबझ' ही लायब्ररी करते. फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड, सगळे तिच्याच दारी दळण आणतात.

ही लायब्ररी युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्सवरही हवी आणि विंडोजवरही. मूळ लिखाण एकच, पण बांधणी दोनदा. तयार फाइलीचे आडनाव लिनक्सवर 'एसओ', विंडोजवर 'डीएलएल'. फरक आडनावापुरताच असता तर बरे होते! लिनक्सचा रिवाज असा, की लायब्ररीतली सारी दारे बाहेरच्यांना उघडी. झाकायचे ते सांगून झाकावे. मायक्रोसॉफ्टच्या बांधणीत सारी बंद. उघडायच्या दारावर तशी खूण करावी लागते. खूण विसरली, तर गिरणी उभी राहते, पण गिऱ्हाइकाला आत शिरता येत नाही.

म्हणून जाणते कारागीर लिनक्सवरही आधी सारी दारे लावून घेतात आणि मोजकीच उघडतात. मग एकच यादी दोन्हीकडे चालते. शिवाय पुढे आतले जाते बदलले, तरी दार तेच राहिल्यामुळे गिऱ्हाइकाचे अडत नाही.

रेल्वेचा रूळ एक झाला. हे दोन रूळ मात्र राहणारच. तेव्हा यंदा जालन्याच्या आजीचा आशीर्वाद परगावच्या नातवाच्या पडद्यावर रफारासकट धड उमटला, तर मधल्या मनमाडवर कोणीतरी माल जपून चढवला आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.