उत्तराचा बट्टा

पेशवाईतील पुण्याच्या बाजारात रुपया नुसता मोजून घेत नसत. तो पारखून घेत. अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चलनात असत आणि त्यांचे वजन व चांदीचा कस सारखा नसे. सराफ नाणे निरखून, वाजवून पाही आणि मगच त्यावर बट्टा आकारी. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा व कसाचा रुपया ठरविला, तेव्हापासून या पारखीची गरज ओसरत गेली.

ती गरज आज पुन्हा निर्माण झाली आहे. मात्र नाण्यांसाठी नव्हे, उत्तरांसाठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि त्यापाठोपाठ तशाच अनेक चॅटबॉटांनी घराघरांत प्रवेश केला. त्यांची भाषा सफाईदार असते. अडचण अशी की खरे उत्तर आणि रचलेले उत्तर ही दोन्ही त्याच सफाईने येतात. ऐकणाऱ्याला कस कळावा कसा?

या कामी छंदिष्टांचा मोठा उपयोग आहे. ज्या विषयावर हजारोंनी लिहिले आहे, तेथे यंत्र सहसा चुकत नाही. परंतु तेथे त्याची गरजही बेताचीच असते. खरी परीक्षा अरुंद विषयांत होते. पुण्यातील नाणेसंग्राहकांचेच उदाहरण घ्यावे. अंकुशाची खूण असलेला पुण्याचा एक रुपया आहे. त्यावर फारसी लिपीत मोगल बादशहाचे नाव आणि १२३० हा सन आहे. हे नाणे कोणाचे? बादशहाचे नाव पाहून सन हिजरी मानला, तर इ. स. १८१५ च्या सुमाराचा काळ येतो आणि नाणे पेशव्यांचे ठरते. परंतु पुण्याच्या अंकुशी रुपयांवर फसली सनही आढळतो. दक्षिणेतील गणनेप्रमाणे त्यात ५९० मिळविले की १८२० साल येते. म्हणजे १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतरचे, कंपनीच्या अमलातील नाणे! पाच वर्षांच्या फरकाने राज्यच बदलते. शिवराईचेही तसेच. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे दिसली म्हणून प्रत्येक शिवराई शिवकालीन ठरत नाही. त्या नावाची तांब्याची नाणी पेशवाईतही पाडली जात होती.

असे प्रश्न चॅटबॉटला विचारावेत. ‘सन कोणता, हे आधी ठरवा’ असे तो म्हणतो, की बेधडक निर्णय देतो, हे पाहावे. बेधडकपणाचे कारण अर्थशास्त्राला अपरिचित नाही. २०२५ साली ‘ओपनएआय’च्याच संशोधकांनी दाखविले की, या यंत्रांचे शिक्षण व मूल्यमापन ‘ठाऊक नाही’ म्हणण्यापेक्षा अंदाज ठोकण्यास अधिक गुण देते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसतील, तर कोणता परीक्षार्थी प्रश्न कोरा सोडील?

जाणकार माणसेही चुकतात आणि यंत्रे सुधारत आहेत, असे यावर म्हटले जाईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु जाणकाराची चूक दुसरा जाणकार दाखवितो आणि त्याची पत कमी होते. यंत्राच्या चुकीची झळ मात्र यंत्राला लागत नाही. आजोबांच्या पेटीतील नाणे विकायला काढणारा, जुन्या बाजारात पहिलेच नाणे विकत घेणारा किंवा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी ती सोसतो. शिवाय ते चुकीचे उत्तर कोठे तरी छापले गेले, की पुढच्या यंत्राचे तेच पाठ्यपुस्तक होते. खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकते, तसाच हा प्रकार.

म्हणून संग्राहकांनी यंत्राची फजिती करून हसण्यावर थांबू नये. प्रश्न, मिळालेले उत्तर, तारीख आणि खऱ्या उत्तराचा पुरावा यांची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने पुण्याला पुराव्याची शिस्त शिकविली. ती येथेही चालावी. संग्रहालयांनी आणि विद्यापीठांनी नाण्यांच्या सूची मराठीत सर्वांना खुल्या कराव्यात. कपाटात बंद राहिलेले ज्ञान यंत्राला मिळत नाही आणि नातवालाही मिळत नाही.

यंत्राचे उत्तर नाकारण्याचे कारण नाही. ते घ्यावे, पण वाजवून घ्यावे. त्यासाठी शहरात पारखी शिल्लक राहिले पाहिजेत.