लडाखच्या ट्रकतळांवर वीज हवी

द्रास-कारगिलकडे हिवाळ्यात ट्रक चालवणाऱ्यांची सकाळ अनेकदा आगीने सुरू होते. पारा उणे वीसच्या आसपास. गाडीखाली शिरून डिझेलच्या टाकीला आणि ऑइलच्या चेंबरला स्टोव्हची नाहीतर पेटत्या बोळ्याची धग द्यायची, मग सेल्फ मारायचा. ज्यांना हे नको असते, ते रात्रभर इंजिन चालूच ठेवतात. पहिल्या उपायात गाडी पेटण्याची भीती, दुसऱ्यात बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडची.

थंडीत डिझेल इंजिन अडते ते त्याच्या स्वभावामुळे. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, अशी रचना. पण थंडगार लोखंड ती उष्णता पिऊन टाकते, ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोर उणे अठराला जवळपास निम्म्यावर येतो. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे दाबायला हवाही विरळ. नवी बॅटरी टाकून हे सगळे सुटत नाही.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात वीज सहकारी संस्थेत काम करणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन तापवणाऱ्या विजेच्या हीटरचे पेटंट १९४९मध्ये मिळवले. आजच्या ब्लॉक हीटरमध्ये विजेची कांडी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, थेट कूलंटमध्ये बुडालेली असते. निघण्याआधी दोन-तीन तास प्लग लावला की ब्लॉक कोमट होतो आणि गाडी सहज सुरू होते. कॅनडातल्या विनिपेग, एडमंटनमध्ये आणि अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये तर वाहनतळावरच त्यासाठी प्लग असतात.

हिशेबही बघावा. मोठा ट्रक उभ्या उभ्या तासाला साधारण तीन लिटर डिझेल जाळतो. दहा तासांच्या रात्रीचे तीस लिटर झाले. मोठ्या इंजिनाचा हीटर हजार ते दीड हजार वॅटचा. तीन तासांना लागते तीन ते साडेचार युनिट वीज. एवढ्या फरकानंतर वेगळा युक्तिवाद करावा लागू नये.

मात्र हा हीटर टाकीतले डिझेल तापवत नाही. साध्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबवते, ते दुखणे वेगळे. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीनगर-लेह वीजवाहिनीचे उद्घाटन झाले होते. ती द्रास आणि कारगिलवरूनच जाते. इंधन आले, वीज आली. ड्रायव्हरच्या हाती प्लग तेवढा यायचा राहिला.

तो लडाख प्रशासनाने द्यावा. द्रास, कारगिल, लेहच्या ट्रकतळांवर अर्थिंग असलेले खांब, टायमर आणि मीटर बसवावेत. वापरलेल्या विजेचे पैसे ड्रायव्हरकडून घ्यावेत. डिझेलचा खर्च वाचणार असेल तर तो ते आनंदाने देईल. वीज मधूनमधून जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण तेवढ्यासाठी उरलेल्या रात्री आगीवर काढायला लावणे योग्य नाही. श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजिला खिंडीतला बोगदा पूर्ण झाला की हा रस्ता बारमाही होईल आणि भर हिवाळ्यात तिथे थांबणाऱ्या गाड्या वाढतील. तयारी त्याआधी हवी.

महाराष्ट्रात या हीटरची गरज नाही. निफाडचा पारा कितीही घसरला तरी तिथल्या गाडीला इंजिनातला हीटर प्लग (ग्लो प्लग) आणि चांगली बॅटरी पुरते. पण देशातले ट्रक ज्या गावांत तयार होतात, त्यात पिंपरीही आहे. लडाखला जाणाऱ्या गाडीवर ब्लॉक हीटर कारखान्यातूनच बसवून देण्याची सोय या उद्योगाने करावी, आणि गाडी विकत घेणाऱ्या वाहतूकदारांनी तो मागून घ्यावा.