प्रवेशाच्या दारातला हिशेब

आर्वीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घ्यायची आणि अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचे, ही वर्धा जिल्ह्यातील शेतकरी घरांची काटकसरीची वाट. पदवीची चारऐवजी तीनच वर्षांची फी पडते.

बँकेत असताना असाच एक बाप माझ्यासमोर बसला होता. आम्ही म्हणत होतो, प्रवेशाचा कागद आणा. कॉलेज म्हणत होते, आधी पैसे भरा. शेवटी तो सावकाराकडे गेला. नियम मी पाळला होता, पण झोप लागली नाही.

२०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, हे उत्तमच. पण खानावळीचे बिल माफ होत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला २०१५ पासून केंद्राची हमी आहे. तरी पहिला हप्ता वेळेत मिळाला तरच ती कामाची.

१९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. हाताने काम शिकून पुढे निघालेल्या पोराला आपण त्याच गावात दारात ताटकळत ठेवावे काय? प्रवेशयादीत नाव लागताच बँकेने फी थेट कॉलेजात भरावी, एवढेच मागणे आहे.