थीम पार्कातले बिगारी आणि आपण



थंडी सुरू झाली की आमच्याकडे भारतातून फोन येऊ लागतात. कुणाचा पुतण्या, कुणाच्या शेजाऱ्यांची मुलगी, इंजिनिअरिंगच्या नाहीतर हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला असते आणि तिला सुट्टीत अमेरिकेतल्या एखाद्या थीम पार्कात काम करून, जमलं तर थोडं फिरून परत जायचं असतं. प्रश्न ठरलेले. व्हिसा होतो का? राहायची सोय असते का? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, खरा प्रश्न: किती वाचतात हो?

आपली उत्तरंही ठरलेली. जे-१ व्हिसा आहे, चार महिन्यांपर्यंतचा, सरकारमान्य कार्यक्रम आहे, मुलांना जगाचा अनुभव मिळतो, पाठवा बिनधास्त. मीही हेच सांगत आलो. ताईच्या मुलाला तर मीच भरीला घातलं. म्हणून आधी त्याचा हिशेब मांडतो, भांडण नंतर.

पार्क पूर्वेकडच्या एका राज्यातलं, उन्हाळ्यापुरतं उघडणारं. नाव सांगत नाही, कारण तक्रार त्या एका पार्कापुरती नाही. एजंटाची फी, व्हिसा, विमा, विमानाचं तिकीट धरून घरचे तीन लाख रुपये गेले. काम: झुल्याच्या रांगेत उभं राहून लोकांना पट्टे बांधणं, आणि गर्दी ओसरली की स्वच्छतागृहं. पगार तासाला १२ डॉलर. सुरुवातीला पाऊस, म्हणून आठवड्याला जेमतेम २५ तास, जुलैमध्ये ५५. सरासरी ३८ तास धरा, म्हणजे ४५६ डॉलर. त्यातून खोलीभाड्याचे १२५ पगारातूनच कापलेले (दोन बेडरूमच्या घरात सहा मुलं), जेवणखाण आणि बसचे ९०, कर चाळीसच्या आसपास. उरले दोनशे. अकरा आठवड्यांचे बावीसशे डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयेसुद्धा नाहीत. फिरणं झालंच नाही. न्यूयॉर्क त्याने पाहिलं ते विमानाच्या खिडकीतून.

"मामा, फोटो मस्त आलेत पण," असं तो म्हणाला. खरंच मस्त आलेत. ताईने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि त्यातल्या दोघांनी मला लगेच फोन केला: आमच्याही मुलाचं बघा ना.

आता भांडण. या कार्यक्रमाचं नाव समर वर्क ट्रॅव्हल. तो १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याखाली येतो, चालवतं अमेरिकेचं परराष्ट्र खातं. कामगार खातं नव्हे. कागदावर हेतू आहे देशादेशांतल्या माणसांनी एकमेकांना समजून घेण्याचा. म्हणजे पट्टे बांधणारा मुलगा कामगार म्हणून आलेलाच नाही, तो आलाय सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी! देवाण कळली, घेवाण कुणाची?

जरा पैशाच्या बाजूने पाहू, कारण त्यातलं आपल्याला कळतं. या व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. मुलाचे ७.६५ टक्के वाचतात, हे चांगलंच आहे. पण मालकाच्या हिश्श्याचे ७.६५ टक्केही वाचतात. तासाला १४ डॉलर आणि चाळीस तास धरले तर दर मुलामागे आठवड्याला जवळजवळ ४३ डॉलर. शंभर मुलं, बारा आठवडे: पन्नास हजारांहून जास्त. आरोग्यविम्याचंही तसंच. जे-१ साठी एका आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे आणि त्याचा खर्च बहुतेक वेळा मुलाच्याच फीमध्ये असतो. त्याच गावातली शाळकरी मुलं किंवा निवृत्त आजोबा त्या रांगेत का उभे नाहीत, याचं एक कारण इथे आहे. नियम म्हणतो की स्थानिक कामगाराला हटवून विद्यार्थी घेता येणार नाही, आणि आधीच्या १२० दिवसांत कामगारकपात झालेली नसावी. मुळात घेतलाच नाही त्याला हटवायचा कसा?

आणि ओव्हरटाइम. जुलैतल्या त्या ५५ तासांचं बिल पाहून मला वाटलं, पंधरा तासांचे दीडपट पैसे राहून गेले असतील. राहून गेले नव्हते. अमेरिकेच्या फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्टमध्ये करमणुकीच्या हंगामी जागांना सूट आहे: वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या पार्काला संघराज्याच्या कायद्याने ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियम कडक आहेत, काहींचे नाहीत. फ्लोरिडातली बारमाही पार्कं या सुटीत बसत नाहीत, उत्तरेकडची उन्हाळी पार्कं बसू शकतात. वीस वर्षं मी या देशात आहे, दरवर्षी मुलांना घेऊन अशा पार्कात जातो, हे मला ठाऊक नव्हतं. एजंटाला नक्की ठाऊक असणार.

"कुणी जबरदस्ती केली होती का?" हा आपल्यातल्या शहाण्या मंडळींचा आवडता प्रश्न. नव्हती केली. पण आत शिरल्यावर बाहेर पडायची वाट बघा. व्हिसा अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरच्या डीएस-२०१९ या कागदावर उभा असतो. आपल्यासारख्या देशातल्या मुलाला काम आधी ठरल्याशिवाय तो कागद मिळत नाही. काम बदलायचं तर नवी जागा स्पॉन्सरने तपासून मंजूर करायला हवी. स्पॉन्सरने कार्यक्रम संपवला की देशात राहण्याचा आधार संपला. घर मालकाचं, भाडं पगारातून, शहर अनोळखी, घरी कर्ज. अशा अवस्थेतला मुलगा सुपरवायझरला "नाही" कसं म्हणेल?

तरी काहींनी म्हटलं. ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्वेनियातल्या पामायरा इथे हर्शीची चॉकलेटं भरणाऱ्या गोदामात याच कार्यक्रमाखाली आलेल्या शेकडो विद्यार्थ्यांनी काम बंद केलं. हर्शीने काम दुसऱ्या कंपनीला दिलेलं, तिने माणसं पुरवायला तिसरीला. जड खोकी, रात्रपाळ्या, आणि भाडं कापून हातात उरणारा चिल्लर पगार. जवळच हर्शीपार्क आहे, आपल्यातले कितीतरी लोक मुलांना घेऊन जातात. त्या संपानंतर संबंधित स्पॉन्सरला कार्यक्रमातून काढलं गेलं, आणि मे २०१२ च्या नियमांनी गोदाम, कारखाना, प्रामुख्याने रात्री दहा ते सकाळी सहाची कामं बंद केली. वर्षाला १,०९,००० मुलांची मर्यादाही त्याच सुमाराची. जे थोडंफार संरक्षण आज आमच्या भाच्याला आहे, ते परक्या देशांतून आलेल्या त्या वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी मिळवून दिलेलं आहे.

मग येते श्रमप्रतिष्ठा. "अहो, आम्हीही इथे आलो तेव्हा भांडी घासली." घासली असतील. पण ज्या घरात मुलाने कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर उभं राहिलेलं चालत नाही, ज्या घरात संडास साफ करायला येणाऱ्या बाईंचा कप अजून वेगळा असतो, त्या घराला डॉलरमध्ये पगार मिळाला की श्रमप्रतिष्ठा आठवते, याची मला गंमत वाटते. श्रमाला प्रतिष्ठा द्यायची तर तासांचे पूर्ण पैसे मागा. त्या बाईंसाठीही मागा.

आणखी एक, जरा आपल्याच वर्मावर. २२ जून २०२० च्या अध्यक्षीय घोषणेने एच-१बी व्हिसा थांबवले. आपल्या मंडळींनी पत्रं लिहिली, खासदारांना फोन केले. त्याच कागदावर समर वर्क ट्रॅव्हलचा जे-१ सुद्धा थांबवलेला होता. त्याबद्दल मी एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही लिहिली नसेल. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली तेव्हा आपण "आम्हाला मालकाच्या दावणीला बांधून ठेवतात" असं म्हणालो. बरोबर म्हणालो. पण दावण तीच आहे, आपल्याकडे पेंढ जरा जास्त टाकतात इतकंच.

याचा अर्थ मुलांना पाठवूच नका असा मी काढत नाही. ज्याला जायचंय त्याने जावं, पण आपण एजंटाचे बिनपगारी दलाल होणं थांबवावं. फोन आला की "किती वाचतात" याचं उत्तर देण्याआधी उलट विचारावं: फीची कलमवार यादी लेखी आहे का? आठवड्याला किमान किती तास, हे ऑफरमध्ये लिहिलंय का? ओव्हरटाइमला काय दर? भाडं किती, आणि काम सुटलं तर घर किती दिवस? पगाराची चिठ्ठी कोणती कंपनी देणार, पार्क की मध्यस्थ? स्पॉन्सरने दर महिन्याला मुलाशी संपर्क ठेवायचा असतो, तो कोण ठेवणार? हॉटेल मॅनेजमेंटची मुलं इंटर्न किंवा ट्रेनी म्हणून येत असतील तर डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा मागा. सहा महिने किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांत फिरवणं बंधनकारक आहे, वर्षभर चादरी बदलणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नये. आणि परराष्ट्र खात्याची जे-१ साठीची तातडीची लाइन आहे, १-८६६-२८३-९०९०, ती मुलाच्या फोनमध्ये आधीच घालून द्यावी.

ताईच्या नणंदेची मुलगी या वर्षी जायचं म्हणतेय. हे सगळे प्रश्न मी तिला लिहून पाठवले आणि तिने ते जसेच्या तसे एजंटाला पुढे पाठवले. त्याला तीन आठवडे झाले. त्याने काल फोन करून तिच्या वडिलांना विचारलं, "तुमचे अमेरिकेतले ते पाहुणे वकील आहेत का?" लेखी उत्तर अजून आलेलं नाही.